खुणेच्या वरचं तेल

खामगावच्या त्या तंत्रशाळेत मुलांना नावाने कोणी हाक मारत नसे. जो ज्या गावचा, ते त्याचं नाव. मी धामणगाव बढ्याचा, म्हणून मी 'धामणगाव'. माझ्या खोलीत राहणारा सोनाळ्याचा, म्हणून तो 'सोनाळा'. एक जानेफळचा होता. त्याचं पोरांनी नुसतं 'फळ' करून टाकलं, आणि दोन महिन्यांत तो शाळा सोडून घरी गेला. आम्ही पोट धरून हसलो होतो. आमचं हसणं तसलंच होतं, समोरच्याला रडायला आल्याशिवाय ते पुरं होत नसे. ती शाळा आता राहिली नाही, तिथे सरकीचं गोदाम झालं आहे, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. विहिरींवर मोटेच्या जागी तेलाची इंजिनं बसू लागली होती, आणि इंजिनं बनवणाऱ्यांना वऱ्हाडातला कास्तकार एकाएकी आवडू लागला होता. त्या उन्हाळ्यात इंजिनं आणि पंप बनवणाऱ्या कारखानदारांनी खामगावात तीन दिवसांची परिषद भरवली. हंगाम संपून बंद झालेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात मांडव पडला. आमच्या शाळेला दोन पास आले. एक लेखी परीक्षेत पहिला आलेल्या मुलाला, म्हणजे मला. दुसरा वर्कशॉपमध्ये पहिला आलेल्याला, म्हणजे सोनाळ्याला. पास देताना प्राचार्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पुण्याकडची एक कंपनी आमच्या दोघांतून एकाला आपल्या कारखान्यात शिकाऊ म्हणून घेणार होती. राहणं, जेवण आणि तीन वर्षांनी कायमची नोकरी. परिषदेच्या शेवटच्या दिवशी कंपनीचे मुख्य इंजिनिअर नाव जाहीर करणार होते.

ती जागा मला हवी होती. किती हवी होती ते सांगायचं तर आधी वांग्यांबद्दल सांगावं लागेल. आमच्या घरी वांगी. बाराही महिने वांगीच. देठाचे काटे बोटात मोडायचे, ते काढायला आई सुई घेऊन बसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोडायला जायचं. टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात बसलं की ओळखीच्या बाया वांगं दाबून बघायच्या आणि "किडकं हाय" म्हणून परत टाकायच्या. मी मॅट्रिकला तालुक्यात चांगल्या नंबराने पास झालो त्या आठवड्यातसुद्धा मी बाजारात वांग्यापाशी बसलो होतो. मला त्या भाजीचा इतका राग होता की आजही ताटात आली तर मी बाजूला सारतो.

सोनाळ्याला जागा तितकी हवी नव्हती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी त्याला कधी विचारलंच नाही.

परिषदेच्या पहिल्या दिवसाची सकाळ हारांतच गेली. प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले. तोवर व्यासपीठावरच्यांनी एकमेकांना हार घातले आणि पाहुणे आल्यावर तेच हार पुन्हा घातले. प्रतिनिधींच्या छातीवर लाल फीत, आमच्या छातीवर हिरवी. लाल फितीवाल्यांना सरबत, हिरव्या फितीवाल्यांना माठातलं पाणी. भाषणं इंग्रजीत झाली, मग हिंदीत. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते दहा-बारा कास्तकार शेवटच्या रांगेत टोप्या गुडघ्यावर ठेवून बसले होते आणि टाळ्या पडल्या की टाळ्या वाजवत होते. मी वहीत सगळं लिहून घेत होतो. निम्मं कळत नव्हतं, पण लिहून घेणारा मुलगा दिसला पाहिजे, एवढं मला कळत होतं.

सोनाळ्याने मांडवाच्या दाराशी चपला काढून ठेवल्या होत्या. शिकवायचं जिथे चालतं तिथे तो चपला घालून जात नसे, वर्कशॉपमध्येही त्याला त्यासाठी ओरडा बसायचा. तीन दिवस तो त्या मांडवात अनवाणी हिंडला. लाल फितीवाले त्याच्या पायांकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसू लागलो.

दुपारी मुख्य इंजिनिअरांनी फळ्यावर आकृती काढून त्यांच्या नव्या इंजिनाचा गव्हर्नर समजावला. इंजिनाचा वेग ताब्यात ठेवणारा तो भाग. प्रश्न विचारा म्हणाले. मी एक प्रश्न रात्रीच पाठ करून ठेवला होता, शुद्ध, पुस्तकी. मी उठायच्या आत सोनाळा उठला.

"सायेब, गव्हर्नर चिकटला अन् इंजिन सुटलं, तं कास्तकारानं काय करा?"

मांडव हसला. प्रश्नाला नाही, भाषेला. पुण्याचे हसले ते समजण्यासारखं होतं. खामगावचे दुकानदारही हसले, जे घरी बायकोशी तसंच बोलत होते.

"आमच्या इंजिनात तसं होणार नाही," मुख्य इंजिनिअर म्हणाले.

"झालं तं?"

पुन्हा हशा. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. सोनाळ्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसला. मला वाटलं, संपला हा. पण चहाच्या वेळेला मुख्य इंजिनिअरांनी त्यालाच बोलावलं आणि विचारलं, तुमच्या गावी इंजिन असं सुटलं, वेग आवरेनासा झाला, तर काय करता? सोनाळा म्हणाला, "वल्लं पोतं घ्याव अन् हवा जाते तिथं दाबाव. हवा बंद, इंजिन बंद. डिझेल बंद करून नाई थांबत ते, कायले की ते आपलंच तेल खाऊन राह्यलं असते." साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला माझ्यासाठी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना मांडवामागे एका चालू इंजिनापाशी नेलं. मला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी दिली, व्याख्येसकट. मग सोनाळ्याला विचारलं, या इंजिनात काही दोष आहे का? त्याने इकडेतिकडे बघून एक तुराटी, तुरीची वाळकी काठी, उचलली, एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला. डोळे मिटले. विहिरीवरचे मिस्त्री असंच ऐकतात. "टॅपेट ढिला हाये," तो म्हणाला. साहेबांचा फिटर हसून म्हणाला, "मीच ढिला केला होता, साहेब." साहेब सोनाळ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असा कान विकत मिळत नाही हो."

त्यांनी त्याला 'हो' म्हटलं. मला दोन दिवसांत 'अरे'च्या पुढे काही मिळालं नव्हतं. मी त्या वेळी सोनाळ्याचा मनापासून द्वेष केला. दोन वर्षं मी त्याच्या डब्यातली भाकर खाल्ली होती. आजारी पडलो तेव्हा त्याने माझे कपडे धुतले होते. ते सगळं त्या क्षणी मला आठवलं, आणि आठवून राग आणखी वाढला.

खोलीवर येताना तो म्हणाला, "तुले भेटली तरी आपलीच, मले भेटली तरी आपलीच. काऊन तोंड पाडून राह्यला बे?"

मी म्हणालो, "तोंड पाडलं नाही, डोकं दुखतं." आता खोलीतही मी त्याच्याशी पुस्तकातली मराठी बोलत होतो. त्याच्या ते ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी नव्या इंजिनाचं प्रात्यक्षिक होतं. ते चालताना बघून दुकानदार मागणी नोंदवणार होते. मांडवाच्या मध्यभागी चौथऱ्यावर हिरव्या रंगाचं कोरं इंजिन, त्याला झेंडूचा हार, कुंकवाची बोटं, समोर नारळ. सोनाळा सकाळीच येऊन, तुराटी घेऊन त्याच्याभोवती फिरून गेला होता, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. फिटरला पूजेचं ताट आणायला पळायचं होतं. तो मला म्हणाला, "फिल्टरच्या वाटीत तेल घालून ठेव. खुणेपर्यंत."

हवा आत जाते त्या नळीवर एक गाळणं असतं. त्याच्या खालच्या वाटीत थोडं तेल घालायचं, म्हणजे हवेतली धूळ त्याला चिकटते. वाटीला आत खूण असते, तिच्या वर तेल जाऊ द्यायचं नाही. हे मला माहीत होतं. याच प्रश्नाला मला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते. आकृती काढून, खूण दाखवून, खाली 'तेलाची कमाल पातळी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

आणि मी वाटी काठोकाठ भरली.

मुद्दाम नाही. हे खरं आहे, आणि पुढचं वाचल्यावर कोणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही हेही मला कळतं. आमच्या घरात पूजेच्या दिवशी तेल घालताना हात आखडत नसत. समईत घाला, नाहीतर दसऱ्याला शेजाऱ्याच्या विहिरीवरच्या इंजिनाच्या तेलकुपीत घाला, काठाला लागेपर्यंत घालायचं. अर्धवट घातलं की आई म्हणायची, "देवाले बी मोजून देतं का रे?" समोर हार होता, कुंकू होतं, नारळ होता. हाताने जे लहानपणापासून केलं ते केलं. खूण तेलाखाली बुडाली तेव्हा मला उलट समाधान वाटलं. वाटी बसवून मी फडक्याला हात पुसले.

नारळ फुटला. फिटरने हँडल मारलं, इंजिन सुरू झालं. टाळ्या झाल्या. मिनिटभर सगळं ठीक होतं. मग आवाज चढू लागला. दुकानदारांना वाटलं ताकद दाखवताहेत, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आवाज चढतच गेला. धुराड्यातून पांढरा धूर आला, मग काळा, चौथरा हलू लागला, हाराची फुलं चक्रात जाऊन सगळीकडे उडाली. फिटरने डिझेल बंद केलं. काही फरक पडला नाही. इंजिन वाटीतलं तेल खात होतं. तो मागे सरला आणि ओरडला, "पळा!"

एवढी मोठी माणसं इतक्या लवकर उठू शकतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. खुर्च्या उलटल्या. एक लाल फितीवाला शेवटच्या रांगेतल्या कास्तकाराच्या अंगावर पाय देऊन गेला. मुख्य इंजिनिअर मांडवाच्या खांबामागे होते. मी त्यांच्या मागे.

सोनाळा उलट्या दिशेने धावला. माठाखालचं ओलं पोतं त्याने ओढलं, चौथऱ्यावर चढला, गाळण्याची वाटी एका हिसक्याने काढली आणि उघड्या नळीवर पोतं दाबलं. वाटीतलं उरलेलं तेल त्याच्या कोपरापर्यंत वाहिलं. धुराड्याची नळी शेजारीच होती. त्याचा उजवा हात तिला टेकला होता, आणि हात काढला असता तर पोतं सुटलं असतं. त्याने काढला नाही. इंजिन दोनदा गचकलं, खोकलं आणि बंद पडलं. त्या शांततेत फक्त तो ओरडत होता.

इंजिन फुटलं असतं तर काय झालं असतं ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पण माणूस वाचला की त्याला आधी लाज वाटते, आणि लाज वाटली की कोणीतरी दोषी लागतो. दुकानदार परत आले ते चिडून आले. एकजण म्हणाला, "असल्या इंजिनाची मागणी आम्ही देणार?" दुसरा म्हणाला, "हे गावठी पोट्टे इथं आणलेच कायले?" मुख्य इंजिनिअरांचा चेहरा पडला. इंजिनात दोष नाही, बाहेरच्या कोणीतरी हात लावला, हे सिद्ध होणं त्यांना गरजेचं होतं. सोनाळ्याच्या भाजलेल्या हाताला कोणी फडकं गुंडाळत होतं तोच त्यांनी विचारलं, "वाटीत तेल कोणी घातलं?"

फिटरने माझ्याकडे पाहिलं. आपलं काम त्याने एका विद्यार्थ्यावर सोपवलं होतं, हे निघालं तर त्याची नोकरी जाणार होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि काही न बोलता आमचं ठरलं.

"मी खुणेपर्यंतच घातलं होतं, साहेब," मी म्हणालो. "नंतर सोनाळ्याचा मुलगा काठी लावून बघत होता. त्याने आणखी घातलं असेल तर मला माहीत नाही."

फिटर म्हणाला, "मी पाहिलं तेव्हा तेल बरोबर होतं."

"खोटं बोलून राह्यला हा!" सोनाळा ओरडला. "म्या हातच नाई लावला तेलाले. सकाळी आलो तं वाटी कोरडी व्हती. विचारा त्याले, किती टाकलं! तूच टाकलं ना बे? सांग ना!"

तो खरं बोलत होता, पण ओरडत होता, त्या भाषेत, अनवाणी, तेलाने माखलेला, रडत. मी इस्त्रीच्या शर्टात शुद्ध मराठी बोलत होतो. कोणावर विश्वास बसणार हे ठरवायला साहेबांना फार वेळ लागला नाही. उत्साहाच्या भरात मुलं चुका करतात, असं ते दुकानदारांना समजावून सांगू लागले, आणि दुकानदारांनी मान हलवली.

दवाखान्यात मी एकदाच गेलो, कारण प्राचार्य म्हणाले जाऊन ये. सोनाळा छताकडे बघत पडला होता. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत बांधलेला. त्याने मान न वळवता विचारलं, "किती टाकलं व्हतं?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. तिथे खरं बोललो असतो तर माझं काही गेलं नसतं. तरी मी म्हणालो, "खुणेपर्यंत."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. जागा मला मिळाली. पत्र शाळेत आलं, प्राचार्यांनी ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं.

निघायच्या दिवशी मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं. आत सोनाळा होता आणि त्याचे वडील. धोतर, टोपी, पाय धुळीने भरलेले. ते सकाळी सोनाळ्याहून बसने आले होते. प्राचार्यांनी त्यांना सगळं समजावलं होतं, म्हणजे त्यांना जे माहीत होतं ते: तुमच्या मुलाने न विचारता यंत्राला हात लावला, आणि अंगाशी आल्यावर मित्रावर आळ घेतला. पहिलं एक वेळ माफ करता येईल, दुसरं नाही. मित्राची माफी मागितली तर परीक्षेला बसू देऊ, नाहीतर नाव काढू.

"माग माफी," वडील म्हणाले.

"म्या नाई टाकलं, बाबा."

"दोस्तावर आळ घेतं? ह्याच्यासाठी धाडलं व्हतं तुले?"

"बाबा, तुमची आण. म्या नाई टाकलं."

वडिलांनी त्याच्या कानशिलात मारली. म्हाताऱ्या माणसाच्या हातात तेवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. सोनाळ्याने तोंड चुकवायला उजवा हात वर केला, तो बांधलेला हातच मध्ये आला, आणि तो कळवळून खाली बसला. वडील वाकून त्याला उठवू लागले, उठवता उठवता रडू लागले, आणि रडत म्हणाले, "माग रे बापा. एक साल राह्यलं तुह्यं. माग."

सोनाळ्याने वडिलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला.

मी तेव्हाही सांगू शकलो असतो. गाडीला दीड तास होता, ट्रंक दारात ठेवली होती, पत्र खिशात होतं. मी म्हणालो, "असू दे."

"बघा, मुलाचं मन किती मोठं आहे," प्राचार्य म्हणाले. त्याच्या वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. मी त्यांना ते जोडू दिले.